नाकातून दिलेल्या औषधाबद्दल: डॉ. मारिओस चारालाम्बूस यांना आभारपत्र

प्रिय डॉ. चारालाम्बूस,

सप्रेम नमस्कार.

कुत्र्याला फिट आली की आमच्याकडे अजूनही कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, नाहीतर चप्पल हुंगवतं. त्याने फिट थांबत नाही, हाताशी असलेली मिनिटं तेवढी जातात. त्याच नाकातून खरं औषध दिलं तर ते किती कुत्र्यांना आणि किती लवकर लागू पडतं, हे प्राण्यांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ म्हणून तुम्ही मोजून दाखवलंत. महाराष्ट्रातले आम्ही काही पशुवैद्य त्यासाठी तुमचे मनापासून आभार मानतो.

फिट थांबवायला घरी द्यायचं औषध म्हणजे गुदद्वारातून डायझेपाम, हे वर्षानुवर्षं ठरून गेलं होतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ते मिडाझोलाम या त्याच गटातल्या औषधाच्या नाकातल्या फवाऱ्यासमोर ठेवलं. पाच मिनिटांत फिट थांबली पाहिजे आणि पुढची दहा मिनिटं परत येता कामा नये, अशी कडक अट होती. फवाऱ्याने 20 पैकी 14 कुत्रे त्यात बसले, डायझेपामने 15 पैकी फक्त 3. हा फरक का पडतो ते आता मालकांना समजावता येतं. गुदाशयात विष्ठा असली की औषध नीट शोषलं जात नाही, आणि शोषलेल्यातलं बरंचसं यकृतच संपवतं. कुत्रा फिट येऊ नये म्हणून रोज फेनोबार्बिटलची गोळी घेत असेल तर यकृत त्या कामात आणखी तरबेज झालेलं असतं.

2019 च्या चाचणीबद्दल जास्त आदर वाटतो, कारण तिथे तुलना थेट मिडाझोलामच्याच शिरेतल्या इंजेक्शनशी होती. नाकातून दिलं तेव्हा 21 पैकी 16 कुत्र्यांची फिट थांबली, शिरेतून 23 पैकी 14. हा फरक निर्णायक नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत. पण झटके देणाऱ्या कुत्र्याच्या पायात इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत औषध सोडायची नळी, बसवायला लागणारा वेळ तुम्ही हिशोबात धरलात, तेव्हा नाकातून 100 सेकंद विरुद्ध शिरेतून 270 सेकंद असं चित्र दिसलं. त्या सेकंदांचं मोल मोठं आहे. फिट लांबली की मेंदूच्या पेशी पृष्ठभागावरचे गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे हे औषध जिथे काम करतं ती ठिकाणं, आत ओढून घेतात, मग हेच औषध कमी चालतं. फिट पाच मिनिटांपुढे जाऊ द्यायची नाही ती त्यासाठीच.

इथे चूक होते ती बहुतेक वेळा औषधाच्या तीव्रतेत. मात्रा किलोला 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 4 मिलिग्रॅम. मिलीला 5 मिलिग्रॅमचं इंजेक्शन असेल तर हे 0.8 मिलीत बसतं, प्रत्येक नाकपुडीत 0.4. दुकानातून मिलीला 1 मिलिग्रॅमवालं आलं तर तेवढ्याच मात्रेला 4 मिली लागतात. ते नाकात मावत नाही, घशात उतरतं, कुत्रा गिळतो आणि फायदा निघून जातो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘मिडाझोलाम’ लिहून भागत नाही, तीव्रता लिहावीच लागते. फवाऱ्याच्या टोकात सुमारे 0.1 मिली अडकून राहतं, तेवढं जास्त ओढायचं. सिरिंजचा दट्ट्या जोरात, एका झटक्यात दाबायचा. हळू दाबला तर धुकं होत नाही, नुसते थेंब पडतात. डोकं मागून धरायचं, तोंडात हात घालायचा नाही. नंतर कुत्रा पेंगतो, लडखडतो. ते अपेक्षित आहे. फिट थांबली तरी दवाखाना गाठायचाच. आणि रोजच्या गोळ्यांना हा फवारा पर्याय नाही, हे बजावून सांगावं लागतं.

न थांबता चालू राहणारी फिट आणि एकामागोमाग येणाऱ्या फिट यांच्यावरचं अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेचं सहमतीपत्र, म्हणजे तज्ज्ञांनी एकमताने दिलेलं मार्गदर्शन, तुमच्याच पुढाकाराने आलं, आणि त्यात मांजरंही आहेत. मांजरांच्या वाट्याला असं मार्गदर्शन फार कमी येतं, त्याबद्दल वेगळे आभार.

आता आम्ही मालकाला सिरिंज देताना त्यावर मार्करने रेघ मारून देतो, त्याच्या कुत्र्याच्या वजनाची. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता गणित करावं लागत नाही. वजन बदललं की रेघ पुसून नवी.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातले काही पशुवैद्य