साडेसहाच्या दोन गाड्या आणि सॉर्टेडलिस्ट

प्रिय सुहास,

तुझा मेल वाचला. गाड्यांचं वेळापत्रक तू सॉर्टेडलिस्टमध्ये ठेवतोस, म्हणजे कीच्या (शोधायच्या खुणेच्या, इथे सुटायच्या वेळेच्या) क्रमाने व्हॅल्यू (इथे गाडी) लावून ठेवणाऱ्या यादीत, आणि एका वेळेच्या सगळ्या गाड्या तुला एकदम हव्यात. सकाळी साडेसहाला दोन गाड्या सुटतात आणि दुसरी टाकायला गेलं की प्रोग्रॅम आर्ग्युमेंट एक्सेप्शन (चुकीची सूचना) फेकतो, हे होणारच रे, कारण डॉट नेटची सॉर्टेडलिस्ट आतून दोन अ‍ॅरे ठेवते, एक कीचा एक व्हॅल्यूचा, आणि अ‍ॅड करताना बायनरी सर्चमध्ये (यादी अर्धी-अर्धी करत शोधताना) की आधीच सापडली तर पुढे जातच नाही.

तू म्हणतोस क्लास एक्स्टेंड करून, म्हणजे त्यावरून आपला क्लास बनवून, अ‍ॅड ओव्हरराइड करतो, म्हणजे बदलून लिहितो. ते जमणार नाही, जेनेरिक सॉर्टेडलिस्टचं अ‍ॅड व्हर्च्युअलच नाहीये, म्हणजे ते बदलायची मुभाच नाही. न्यू लावून त्याच नावाच्या आपल्या मेथडने झाकलंस तरी कुणी तो ऑब्जेक्ट बेस क्लासच्या टाइपने हाताळला की जुनंच अ‍ॅड चालतं.

मग तुला कोणीतरी सांगेल, कंपेअररमध्ये (कीजची तुलना करणाऱ्या कोडमध्ये) दोन कीज सारख्या आल्या की शून्याऐवजी एक रिटर्न कर. हे मात्र अजिबात करू नकोस, मनापासून सांगतोय. अ‍ॅड होतं, लूप फिरवला की दोन्ही गाड्या क्रमाने दिसतात, माणूस खूश होतो, पण कंपेअरर कधी शून्य देतच नाही म्हटल्यावर शोधणारं काहीच चालत नाही, कंटेन्सकी (की आहे का ते सांगणारं) कायम फॉल्स, रिमूव्हला काही सापडत नाही आणि इंडेक्सरने (कंसात की देऊन) साडेसहाची गाडी मागितली तर की सापडत नाही म्हणून एक्सेप्शन. गाडी समोर उभी आणि चौकशी खिडकीवर नाही म्हणतात तसं! एखादी की स्वतःशीच तुलना केल्यावर शून्य आलंच पाहिजे, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

सी प्लस प्लसवाल्यांना एका कीला अनेक व्हॅल्यू चालणारा मल्टिमॅप तयार मिळतो, आपल्याला थोडं हाताने करावं लागतं. वेळ ही की आणि व्हॅल्यू म्हणजे गाड्यांची लिस्ट, असं ठेव आणि ते स्वतःच्या छोट्या क्लासच्या पोटात घाल, इनहेरिट करू नकोस. लिस्ट रिकामी झाली की ती की काढून टाकायची आणि काउंट स्वतः मोजायचा, कारण आतला काउंट फक्त वेळा मोजतो, गाड्या नाही. दुसरा मार्ग म्हणजे वेळ आणि एक चढता नंबर मिळून टपल (जोडी) की करायची, आधी टाकलेली गाडी आधी येते तेही छान, पण साडेसहाच्या सगळ्या गाड्या एकदम मिळवणं मग त्रासाचं होतं आणि तुझा तर मुख्य प्रश्नच तो आहे, म्हणून तू पहिलाच मार्ग घे.

आणि गाड्या खूप असतील, वरचेवर बदलत असतील तर सॉर्टेडडिक्शनरी (तशीच क्रमाने ठेवणारी, पण आतून झाडासारखी रचना) वापर, सॉर्टेडलिस्टला मधे काही घुसवायचं तर पुढचं सगळं सरकवावं लागतं. कोड झाला की पाठव, नीट वाचतो.

तुझा,
मंदार