सुट्टीत अथर्व तुमच्याकडे राहणार आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर हे बोलायला घेतलं की आईचा आवाज भरून येतो, बाबा विषय बदलतात आणि निम्मं राहूनच जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. मे महिन्यात अथर्वला चिपळूणला तुमच्याकडे ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. आम्ही सोडायला येऊ आणि दोन दिवसांनी पुण्याला परत जाऊ. "आम्हाला झेपेल का गं?" असं आई मागे म्हणाली होती. झेपेल, माझी खात्री आहे. फक्त त्याचं दुखणं तुम्हाला नीट माहीत असायला हवं.

त्याच्या अपस्माराला डॉक्टर रोलँडिक म्हणतात. मुलांमध्ये हा प्रकार बऱ्यापैकी आढळतो. शाळेच्या वयात सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत थांबतो. फिट येते ती बहुधा झोपेतच, डोळा लागल्यावर थोड्या वेळात किंवा पहाटे जाग यायच्या सुमारास. आधी ओठाचा एक कोपरा उडायला लागतो, मग गाल. लाळ गळते, घशातून घरघर येते. तेव्हा बऱ्याचदा तो शुद्धीवर असतो. "आई, तू हाका मारत होतीस ना, मला ऐकू येत होतं, पण तोंड माझं ऐकतच नव्हतं," असं त्यानेच मला सांगितलंय. कधी कधी मात्र झटके सगळ्या अंगात पसरतात आणि शुद्ध हरपते.

ज्यांमुळे फिट येते त्या मेंदूतल्या बिघडलेल्या लहरी झोप लागली की वाढतात, म्हणून त्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, झोपेतच काढावा लागला. आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगितलं होतं. केस धुऊन, तेल न लावता नेलं. तिथल्या ताईंनी केसांत छोटे छोटे भांग पाडले आणि मलम लावून एकेक तार डोक्याला चिकटवली. तोवर हा माझ्या मांडीवर पेंगुळलेला. झोप लागली आणि पडद्यावरच्या सरळ चाललेल्या रेघांना बाभळीसारखे काटे फुटायला लागले. बाहेरून बघाल तर पोर शांत झोपलेलं!

पण त्याहून अवघड आहे ती रोजची झोप. फिटमुळे झोप मोडते आणि झोप अपुरी झाली की पुढची फिट लवकर येते. त्यात आता त्याला झोपायचीच भीती वाटायला लागली आहे. दिवा मालवला की विचारतो, "झोपलो की ते येईल का?" नाही येणार, असं मी म्हणत नाही. "आलं तर मी इथेच आहे, आणि ते थांबतं," एवढंच सांगते. आई, तुलाही विचारेल. तूही हेच सांग.

दिवाळीत तो सारखा चिडत होता, ताट ढकललं, बाबांवर ओरडला. ते लाडावल्यामुळे नव्हतं. तेव्हा चालू असलेल्या लेव्हेटिरासिटाम या फिटच्या औषधाने काही मुलांची अशी चिडचिड होते. डॉक्टरांनी औषध बदललं आहे आणि आता तो पुन्हा आपला अथर्व झालाय.

आता मागणं एकच, त्याची झोप सांभाळा. औषध सकाळी आठ आणि रात्री आठ, एकही वेळ चुकवायची नाही. उलटी झाली तर मला फोन करा, मनाने दुसरा डोस देऊ नका. नऊला अंथरुणावर. मे महिन्यात दादाची मुलंही येतील, पत्त्यांचे डाव रंगतील, कुणाची तरी हळद असेल आणि कुणीतरी म्हणेलच, "एकच दिवस तर आहे, जागू दे की त्याला!" तेवढं ऐकू नका. इतर मुलांना एका जागरणाने काही होत नाही, त्याला होतं. रात्री बाबांनी त्याच्याच खोलीत झोपावं. त्याच्या नाकाशी हात नेऊन सारखं बघत बसू नका, त्याने त्यालाच जाग येते. (मी बरेच दिवस तशीच बसायची, म्हणून सांगते.)

फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. शर्टाचं वरचं बटण सोडा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आटोपतं. पाच मिनिटांवर गेली तर त्याच्या निळ्या पाऊचमधला फिट थांबवणारा मिडाझोलमचा स्प्रे चिठ्ठीत लिहिलाय तसा नाकात मारा आणि १०८ ला फोन लावा. थांबल्यावर तो गाढ झोपेल, झोपू द्या.

विहिरीपाशी आणि नदीवर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. बंबातलं कढत पाणी त्याला स्वतः काढू देऊ नका. बाकी झाडावरचे आंबे, क्रिकेट, मामेभावंडांशी मारामारी, सगळं करू दे.

आणि आई, शेजारी कुणी विचारलं तर "त्याला तापात झालं होतं" असं आता सांगू नकोस. तू त्याला जपायलाच तसं म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. पण तो ऐकतो. लपवण्यासारखं काहीतरी आपल्याला झालंय, असं त्याला वाटतं. ग्रामदेवतेला बोललेला नवस तू जरूर फेड, मीही येईन. औषधाची वेळ मात्र देवळातही पाळायची.

बाबा, तुम्ही मला हळूच विचारलंत, "मोठेपणी लग्नाचं काय?" तो आत्ता दुसरीत आहे, पण तुमची काळजी मला कळते. तुमची सगळी नोकरी कोर्टात गेली, तुम्हीच कायदा काढून बघा. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचाही उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. कायद्याने सोडलेली गोष्ट आपण घरात धरून बसू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या वर्गातल्या बाईंना, रिक्षाकाकांना, वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी सगळं सांगून ठेवलंय. कुणीही त्याला दूर लोटलेलं नाही.

रात्रीच्या गाडीने येणार नाही, त्याची झोप होत नाही. सकाळी निघून दुपारी जेवायला पोचू. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स पाठवते आहे, ती कालनिर्णयशेजारी अडकवा. चिपळूणमध्ये रात्री लहान मुलांचे डॉक्टर कुठे भेटतात, तेवढं बाबांनी आधी जाऊन विचारून ठेवावं आणि मला कळवावं.

तुमची,
मनू

ता.क. स्प्रे कसा मारायचा ते मी आल्यावर तुम्हा दोघांकडून करून घेणार आहे. आई, "बाबा बघतील" चालणार नाही.