सतरा नंबर

बडोदा
१८ मे

प्रिय बापू,

तुझे डिसेंबरचे आकडे खरे होते. हे आधी लिहून टाकतो, कारण ख्यालीखुशाली लिहीत बसलो तर पुन्हा धीर होणार नाही आणि आणखी दोन वर्षं जातील. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर गोळीवर आटोक्यात आहे, बाकी सगळे बरे.

आता ऐक. गेल्या वर्षी आमच्याकडे लहान बायोरिॲक्टरांचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या यांत्रिक भांड्यांचा, संच आला. चोवीस भांडी, प्रत्येक २५० मिलीचं. आकाराने फ्लास्कएवढंच, पण प्रत्येकात स्वतंत्र ढवळणी, पीएचचा आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा स्वतंत्र सेन्सर, आणि तापमानही ज्याचं त्याचं. वरून रोबोचा हात फिरतो, तोच सॅम्पल काढतो, तोच आयपीटीजी टाकतो, पेशींना एंझाइम बनवायला लावणारं ते रसायन. पीएच उतरला की अमोनिया आपोआप जातो. ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली घसरायला लागला की ढवळणी वेग घेते, तेवढ्याने भागलं नाही तर हवेत शुद्ध ऑक्सिजन मिसळला जातो. सुरुवातीचं ग्लुकोज संपलं की पेशींची ऑक्सिजनची भूक एकदम मंदावते, स्क्रीनवरची रेघ सरळ वर उडी मारते, आणि त्याच मिनिटाला फीड, म्हणजे साखरेचा खुराक, सुरू होतं. तेही थेंबाथेंबाने, कारण भरमसाट साखर मिळाली की ई. कोलाय जिवाणू ॲसिटेट बनवत सुटतात आणि पुढे त्यातच गुदमरतात. हे सगळं पहाटे तीनला होतं आणि मी घरी झोपलेला असतो. आपण दर दोन तासांनी ओडी घ्यायला, पेशी किती वाढल्या ते मोजायला उठायचो, आठवतं? म्हणजे मी उठायचो. तू सेंट्रिफ्यूजच्या टेबलाखाली असा घोरायचास की एकदा वॉचमन काठी घेऊन आत आला होता.

फ्लास्कचं खरं दुखणं मला आता कळतंय. फ्लास्क रात्रभर हलत राहतो आणि सकाळी तुम्हाला एकच आकडा देतो. मधे ऑक्सिजन कधी संपला, पीएच कुठे गेला, पेशी किती वेळ उपाशी होत्या, काही सांगत नाही. या भांड्यांत दर मिनिटाची नोंद राहते.

एंझाइम लायपेजच आहे, चरबी तोडणारं, आपल्याच जातीचं, ई. कोलायच्या बीएल२१ या वाणात. मार्चमध्ये प्रयोग मांडला तो तुला आवडला असता. इंडक्शननंतरचं, म्हणजे आयपीटीजी टाकल्यानंतरचं तापमान २२, २७ आणि ३२, आयपीटीजी कमी आणि जास्त, फीड हळू आणि जलद. बारा कृती, प्रत्येक दोनदा, झाली चोवीस भांडी. सगळं एकाच वेळी बदलायचं. सरांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तू भर वर्गात उठून म्हणाला होतास की संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२० च्या दशकातच इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर याच्या उलट दाखवून दिलंय, एकेक बदलत गेलं तर दोन गोष्टींची आपसातली मिलीभगत कधीच सापडत नाही. सर आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. तेही तुझंच खरं निघालं. ३२ अंशांना आयपीटीजी जास्त झालं की एंझाइम कोसळतं, २२ ला तेवढंच आयपीटीजी निमूट चालतं.

मुद्दा सतरा नंबरचा. पाच आणि सतरा ही एकाच कृतीची जोडी, २७ अंश, कमी आयपीटीजी, हळू फीड. सकाळी पाचमध्ये सगळ्या चोविसांत एंझाइमची उत्तम ॲक्टिव्हिटी. सतरामध्ये तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही. पेशींची वाढ मात्र दोन्हींत जवळपास सारखी. मी यादी पाहिली आणि आमच्या नवीन मुलीला म्हणालो, "सतरा काढून टाक. सॅम्पल घेताना काहीतरी गडबड झाली असेल." तिने काढलं नाही. दारात उभी राहून हळूच म्हणाली, "सर, आधी एकदा लॉग बघू या का?"

लॉगमध्ये होतं. रात्री दोननंतर सतराचा हीटर बंदच झाला नव्हता. २७ वर असायला हवं होतं ते भांडं पहाटेपर्यंत ३९ वर गेलं होतं. मग तिने प्रथिनांचे पट्टे वेगळे दाखवणारं जेल चालवलं, नुसत्या सुपरनेटंटचं, वरच्या द्रवाचं नाही, पेलेटचं, तळाच्या गाळाचंही. बापू, सतराच्या पेलेटमध्ये आपल्या लायपेजचा पट्टा पाचपेक्षा जाड होता. प्रथिन बनलं होतं. उष्णतेत इतक्या घाईने बनलं की नीट घडी पडायच्या आधीच एकमेकांना चिकटून गोळे झाले आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी गेले. इन्क्लुजन बॉडी, दुसरं काय. पुस्तकातलंच.

ते जेल हातात घेऊन मी उभा होतो आणि माझ्यासमोर २००४ चा मे आला.

तू डिसेंबरात ३० अंशांना काढलेले आकडे मी मेमध्ये पुन्हा काढायला बसलो होतो. डायल तिसावर. तोच स्ट्रेन, तेच माध्यम, फ्लास्क हलवणारा तोच शेकर. आणि त्या शेकरला थंड करायची सोयच नव्हती रे, फक्त हीटर होता. डिसेंबरात खोली गार, हीटर तिसावर राखायचा, काम चोख. मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर, खिडक्या बंद, शेजारी ऑटोक्लेव्ह फुसफुसतोय. खोलीच चाळिशीला तर शेकर तिसावर येणार कसा? हीटरचा तांबडा दिवा त्या दुपारी एकदाही लागला नव्हता. मी तुला काय म्हणालो होतो माहीत आहे? "बघ, मशीन किती स्थिर चाललंय." आणि पेलेट मी फेकून दिला होता. तिन्ही दिवस. तुझं लायपेज माझ्या हाताने बेसिनमध्ये गेलं.

मग सरांसमोर मी ते वाक्य बोललो. ते पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असणार.

तू ते प्रकरणच प्रबंधातून काढलंस, पीएचडीचा फॉर्म भरला नाहीस आणि जूनमध्ये सांगलीला निघून गेलास. जायच्या आदल्या संध्याकाळी सूरसागरच्या कठड्यावर म्हणालास, "तुला माझी जागा हवी होती." त्यावर मी आजही भांडेन. मला जागा नको होती. मला मनापासून वाटत होतं की तू आकडे हातचे घातलेस. हे जागेच्या हावेपेक्षा वाईट आहे, मला कळतं. पण तूही गप्प का बसलास? माझ्याशी सेवउसळीच्या जादा तर्रीवरून अर्धा तास भांडणारा माणूस तू, तेव्हा एकदा म्हणाला असतास, "चल, फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून बघू," तर दोन मिनिटांचं काम होतं. वीस वर्षं मी तुझ्या त्या गप्प बसण्याला कबुली समजत आलो.

आणि ज्याने झोप उडवली आहे ते हे, की मी सतरालाही तेच केलं. न बघता "काढून टाक". माझ्या हाताखाली सहा मुलं आहेत. अशी किती भांडी मी काढून टाकायला लावली असतील? गेला महिनाभर जुन्या फायली घरी आणून बसतोय. बायोरिॲक्टरच्या काळातलं तपासता येतं, लॉग आहेत. फ्लास्कच्या काळातलं काहीच तपासता येत नाही. बायको म्हणते, कंपनीने काही म्हटलं का? नाही म्हटलं. कोणालाच काही माहीत नाही. म्हणून तर तुला लिहितोय. हे ऐकून "बरं मग?" न म्हणणारा माणूस तू एकटाच.

सर अजून बडोद्यातच आहेत. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख आहे, दिवाळीला भेटलो होतो. मी पाच आणि सतराचे दोन आलेख आणि ते जेल घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे आणि तुझं नाव घेऊन सांगणार आहे. गेल्या रविवारी त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मनात आलं, तुला न विचारता हे केलं तर पुन्हा तुझ्याबद्दल तुझ्यामागे बोलल्यासारखंच होईल. तुला ते सगळं उकरायचं नसेल तर मी जाणार नाही. पण उकरायचं असेल तर तुझी ती निळी वही हवी. डिसेंबरची पानं. तू कोपऱ्यात रोज खोलीचं तापमान लिहायचास आणि मी त्यावरून तुला पंचांगवाले जोशी म्हणायचो. तेच आकडे हवेत.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? दुकानाचं दुसरं शटर सुरू झालं असं लग्नात कोणीतरी म्हणालं, अभिनंदन. धाकटीचा बारावीचा निकाल कळव. तिला मायक्रो घ्यायचं असेल तर माझ्याशी बोलायला सांग. घेऊ नको म्हणणार नाही.

लिलो चिवड्याचं पार्सल वेगळं पाठवलंय, वहिनींना आवडतो तो, तू एकट्याने संपवू नकोस. रविवारी रात्री नऊला फोन करीन. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस, मी पुढच्या रविवारी परत करीन.

तुझा
दिगू

ता. क. ती मुलगी विचारत होती की सतराचे आकडे अहवालात कुठे घालू. पाचच्या शेजारी घाल म्हटलं, तापमानाच्या रेघेसकट.