गड्डा यात्रेतल्या त्या माणसांचे आभार

उजवा खुबा, ओटीपोट आणि कंबर, सगळं एकाच बाजूला दुखतं. पाठीचा कणा खाली कमरेच्या हाडाला जुळतो तिथला सांधा धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे गर्दीत जागा मागायलाही धीर होत नाही.

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पाय उचलेचना. शेंगाचटणी विकणाऱ्या मावशींनी एका शब्दानं न विचारता स्वतःचं स्टूल सरकवलं आणि आपण पोत्यावर टेकल्या. कॉलेजच्या दोन मुलींनी आधार देत रिक्षापर्यंत नेलं. रिक्षावाले दादा तर प्रत्येक खड्ड्याआधी "ताई, धरून बसा" म्हणत गाडी अगदी हळू घेत होते. पैसे काही केल्या घेईनात!

मावशी, पोरींनो, दादा, मनापासून आभार. कुणी त्यांना ओळखत असेल तर माझा नमस्कार जरूर पोहोचवा.