खुल्या सॉफ्टवेअरवर लिहायला सोलापूरकरांना बोलवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तंत्रज्ञानाचं आपलं साप्ताहिक पान मी आवर्जून वाचते. नवा फोन कितीला आला, त्याचा कॅमेरा कसा, अमक्या कंपनीनं तमक्या कंपनीला किती कोटींना घेतलं, हे त्यात चोख असतं. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विषय मात्र वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी येतो आणि दर वेळी ठरलेल्या वाटेनं जातो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स आणलं, १९९८ पासून ओपन सोर्स हे नाव रूढ झालं, मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो, इति लेखनसीमा. माहिती बरोबर आहे. पण ती वाचून नवी पेठेतल्या दुकानदाराला किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला काय उपयोग? म्हणून या पत्रातून एक मागणी करते. या विषयावरचे लेख, आणि लेख नाही जमला तर नुसत्या कल्पना, आपण वाचकांकडून मागवा. पानाच्या तळाशी एक चौकट टाका. चार-पाच ओळींत कळवा म्हणावं: कोण वापरतं, कशासाठी, कुठं अडलं, पैसे वाचले की उलट वाढले. त्यातून निवडून लिहायला सांगणं हे आपलं काम. व्याख्या आणि इतिहास नकोत, असं त्या चौकटीतच लिहिलंत तर अर्धा कचरा बाहेरच राहील.

विषय कुठून येणार, असं आपण विचाराल. मी बरीच वर्षं डीटीपीचं काम करते, तेव्हा आधी माझ्याच टेबलावरचं सांगते. सोलापुरात लग्नपत्रिका एका भाषेत भागत नाही. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि अर्धे पाहुणे विजयपूर-कलबुर्गीकडचे, म्हणजे कन्नड. जुन्या पद्धतीत प्रत्येक लिपीचा फॉन्ट वेगळा, त्याचा कीबोर्ड वेगळा, आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांची रांग. म्हणून छापखान्याला फाइलबरोबर फॉन्टही द्यायचा. तो फॉन्ट रीतसर विकत घेतलेला असायचाच असं नाही, हे आमच्या धंद्यात गुपित नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं 'बालू' नावाची फॉन्टमालिका केली. तिच्यात देवनागरी आहे, कन्नडसाठी 'बालू तम्मा' आहे, तेलुगूसाठी 'बालू तम्मुडू' आहे, आणि तिन्हींची ठेवण एकाच घराण्यातली. परवाना खुला: छपाईत वापरा, बदला, फाइलसोबत पुढे द्या, फक्त फॉन्ट सुटा म्हणून विकू नका. तिन्ही लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात, त्यामुळे मजकूर व्हॉट्सअॅपवरून आला तरी पुन्हा टाइप करावा लागत नाही.

एवढं सांगून थांबले तर ती जाहिरात होईल. अडचणी आहेतच. पत्रिकेला लागतात तसे नक्षीदार, नाजूक वळणाचे फॉन्ट खुल्या परवान्यात अजून थोडे आहेत. 'ताई, दादाच्या पत्रिकेत होता तोच पायजे' म्हणून गिऱ्हाईक हटून बसतं, तिथं परवाना समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो. पानं लावायचं स्क्रायबस हे खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याची १.६ आवृत्ती २०२४ साली आली, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. पण छपाईची प्लेट बनवणाऱ्याला त्याची मूळ फाइल दिली की तो हात जोडतो. पीडीएफ द्यावी लागते, आणि आयत्या वेळी मामाचं नाव राहिलं म्हणून फोन आला की ती दुरुस्ती मलाच परत करून द्यावी लागते. ही सगळी हकीकत कुणी आठशे शब्दांत मांडली तर शहरातला प्रत्येक डीटीपीवाला ती वाचेल, आणि निम्मे जण माझ्याशी भांडायला येतील. वृत्तपत्राला आणखी काय हवं?

दुसरा विषय आपल्या शहराच्या अंगावरच आहे, म्हणजे चादर. जॅकार्ड मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे एकाला एक शिवून साखळी केलेली असते. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथं तो खाली राहतो. नक्षी म्हणजे ही भोकं. फ्रान्समधल्या लियॉंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला हा माग केला. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी असेच पुठ्ठे घ्यायचं योजलं, आणि हर्मन हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दिली. इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. मला त्यातला वेगळाच धागा मोलाचा वाटतो. फ्रेंच सरकारनं हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केलं आणि जॅकार्डला पेन्शन बांधून दिली. यंत्र सगळ्यांचं, करणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय वेगळी, हा हिशेब दोनशे वर्षांपूर्वी झाला होता. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये आज ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो, तो हाच हिशेब.

आता यावर सोलापुरातून कोण लिहील? माझ्या मते एखाद्या जुन्या डिझाइन मास्तरकडे बसून एखाद्या विद्यार्थ्यानं लिहावं. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवायच्या, त्यावरून पुठ्ठे पाडायचे, ते काम आता संगणकावर कोण कशात करतं? इंकस्केप किंवा गिंप यांसारख्या चित्रं काढायच्या खुल्या साधनांत ते कितपत जमतं, कुठं फसतं? कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रं भंगारात जातात, पुठ्ठ्यांचं काय होतं? त्यावरच्या नक्ष्या कुणाच्या मानायच्या? कारखानदाराला 'डिझाइन खुलं करा' म्हटलं तर तो भडकेल, कारण त्याची नक्षी शेजारच्या मागावर चढायला वेळ लागत नाही. त्याचा रागही जसाच्या तसा छापा. खुलेपणाची बाजू घेणाऱ्या लेखकांना तो ऐकायची सवय नसते.

बाकीचे विषय थोडक्यात सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा, संपला, आणि ज्या संगणकांत इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर आहे त्यांना, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. पेठांमधल्या गाद्यांवर असे संगणक ढिगानं असतील. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली घालून कुणाचं भागलं, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा जुना प्रिंटर चालेना म्हणून कोण माघारी फिरलं, ही चांगली बातमी आहे. ग्रंथालयांसाठी कोहा हे खुलं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये तिनं ते बनवून घेतलं आणि जगाला देऊन टाकलं. आपल्या जिल्ह्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला ते झेपेल का, हे ग्रंथपालानंच लिहावं, संगणकवाल्यानं नको. केंद्र सरकारनं २०१५ साली सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. त्याचं जिल्हा पातळीवर काय झालं, हे आपल्या वार्ताहरानं माहिती अधिकारात विचारावं. आणि परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आहेतच. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणल्याबद्दल त्यांचा २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कारानं गौरव झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटली, ही बातमी आपण सर्वांनी छापली. पण तो क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीनं तयार केला आणि पेटंट हाती असून त्याचा हक्क गाजवला नाही, म्हणून माढा तालुक्यातल्या शाळेत तो फुकट वापरता आला, ही ओळ माझ्या तरी वाचनात आली नाही.

बातमी म्हणून एक गोष्ट तर आपल्याकडून निसटलीच. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो अर्धा सेकंद त्याला स्वस्थ बसू देईना. शोधता शोधता कळलं, की एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या खुल्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. त्या इसमानं टोपणनावानं दोनेक वर्षं मदत करून एकट्यानं राबणाऱ्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास कमावला होता. यात रहस्यकथा आहे, आणि जगभर वापरलं जाणारं काम एकट्या माणसाच्या फावल्या वेळावर कसं उभं असतं तेही आहे. 'खुलं म्हणजे सुरक्षित' आणि 'खुलं म्हणजे असुरक्षित' ही दोन्ही ठोकळेबाज वाक्यं या एका घटनेपुढं टिकत नाहीत. अशा विषयाला अनुवाद पुरत नाही. इथल्या एखाद्या सर्व्हर सांभाळणाऱ्या पोराला त्या आठवड्यात काय करावं लागलं, ते त्याच्या तोंडून यायला हवं.

आता थोडं कटू बोलते. चौकट छापल्यावर लेखांचा पाऊस पडेल, आणि त्यातले बरेच महाविद्यालयातल्या प्रमाणपत्रासाठी आलेले असतील. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात असंच झालं होतं. ऑक्टोबर महिन्यात खुल्या प्रकल्पांना हातभार लावा आणि टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. २०२० साली टी-शर्टासाठी लोकांनी निरर्थक बदलांचा इतका मारा केला, की प्रकल्प सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. आपणही शब्दसंख्येवर जाऊ नका. ज्यानं स्वतः काही चालवून पाहिलंय त्याच्या दोनशे शब्दांना जागा द्या. आपल्याच दुकानाचं, क्लासचं किंवा उत्पादनाचं कौतुक लिहिणाऱ्याला तसं लेखाच्या वरच कबूल करायला लावा. हा नियम मलाही लागू: फॉन्टच्या विषयात माझा धंदा गुंतला आहे. काही फसलं असेल तर ते लेखात असलंच पाहिजे, अशी अट घाला. आणि मानधन द्या. थोडं द्या, पण द्या, आणि आकडा चौकटीत छापा. खुल्या सॉफ्टवेअरवर लिहितो म्हणजे फुकट लिहितो, असा समज कृपया नको.

शेवटची मागणी हक्कांची. या लेखमालेतला लेख छापून झाल्यावर पंधरा दिवसांनी तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, लेखकाच्या आणि दैनिकाच्या नावासह कुणालाही वापरता येईल, असं जाहीर करा. मग शाळेच्या फळ्यावर तो लावता येईल, कुणाला तेलुगू-कन्नडमध्ये नेता येईल, आणि २००३ पासून चालत असलेल्या मराठी विकिपीडियालाही त्यातलं घेता येईल. लेखकाची संमती आधीच लेखी घेतलीत म्हणजे पुढे कटकट नाही. आपल्या अंकाच्या खपाला यानं धक्का लागेल अशी भीती व्यवस्थापनाला वाटली तर त्यांना एवढंच विचारा, की पंधरा दिवसांचा शिळा पेपर आजवर रद्दीवाल्याशिवाय कुणी विकत घेतला आहे का?

कळावे,
आपली एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर