इचलकरंजीचा पोरगा

मिरज,
रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

प्रिय पक्या,

दिवाळीत तुझा "फोन कर" असा मेसेज आला होता. केला नाही. संक्रांतीला "मेलास का?" असा आला, त्यावर नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. मेलो नाही. शुगर काठावर आहे, डाव्या हाताची अनामिका सकाळी जरा अडकते, बाकी ठीक. फोन अशासाठी करत नाही की तू दोन मिनिटांत हसवशील आणि जे सांगायचंय ते पोटातच राहील. म्हणून कागद काढलाय. अक्षराला नावं ठेवू नकोस, बँकेत आता सहीपुरतंच लिहितो.

गिटार आली.

तीच. गणपतीत फोटो पाठवला होता ती. नाव अजूनही लिहिणार नाही. नाव घेतलं की तारीख पुढं जाते, हे या आठ महिन्यांत सिद्ध झालंय. फेंडरच्या जॅझमास्टर गिटारीचं अंग आणि त्यावर त्यांच्याच टेलिकास्टरचा नेक नि पिकअप. तू तेव्हा लिहिलं होतंस, "म्हशीला घोड्याची शेपटी." ते मी विसरलेलो नाही. पण रंग बघ की लेका, आपल्या शाळेच्या खालच्या अर्ध्या भिंतीचा तो फिकट हिरवा. आणि किंमत एक्केचाळीस हजार. अमेरिकेत बनलेली असली गिटार घ्यायची तर दीड लाखाच्या पुढं हात जातो, ही इंडोनेशियातली. एकच लॉट काढणार आणि मग बंद. त्या "मग बंद"नंच माझा घात केला. कायम मिळणारी असती तर मी आणखी दहा वर्षं नुसतं बघत बसलो असतो. मला ओळखतोसच.

पहिल्यांदा दिवाळी म्हणाले. मग जानेवारी. मग कंटेनर अडकला, मग कस्टम, मग "साहेब, मार्च एंड होऊ दे." मार्च एंड हे कारण मी आयुष्यभर लोकांना देत आलो, पहिल्यांदाच ऐकून घेतलं. आपल्या सतारमेकर गल्लीत तंबोरा सांगितला तरी हेच. आज भोपळा वाळायचाय, उद्या तुणीचं लाकूड मनासारखं मिळालं नाही, परवा जवारी बसत नाही. पण तिथं निदान जाऊन बघता येतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे ते भोपळे माळ्यावर टांगलेले असतात, त्यातल्या एकाकडं बोट दाखवून म्हणता येतं की हा माझा. (२०२४ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, ते तुला मीच कळवलं होतं, आणि तू "आपल्या भांडणांना पण मिळायला पाहिजे" म्हणालास.) या गिटारीचं बोट दाखवायला काहीच नव्हतं. मोबाईलवर एक फोटो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की रंग प्रत्यक्षात वेगळा असू शकतो.

तर गुरुवारी फोन आला. मी कॅबिनमध्ये, समोर एक बाई सोनं तारणाला घेऊन बसलेल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, आला बघा तुमचा पीस. फक्त जरा अडचण आहे." अडचण अशी की बुकिंग दोघांचं आणि पीस एकच. दुसरा येणार नाही, लॉट संपला. माझ्या आधी इचलकरंजीच्या एका पोराचं नाव आहे. "पण तुमचं ॲडव्हान्स जास्त आहे, आणि तुम्ही आपले घरचे. पोराला सांगतो, लॉट कॅन्सल झाला म्हणून."

मी म्हणालो, "चालेल."

पक्या, दोन सेकंद लागली नाहीत रे. त्या बाईंच्या बांगड्यांचं वजन करायला मी जास्त वेळ घेतला.

आता तुझ्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते मला माहीत आहे. कोल्हापूर, १९९७, ती ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी यामाहा गिटार, आपले पाचशे रुपये ॲडव्हान्स, आणि आपण एसटीतून उतरून दुकानात शिरतो तर तो कंत्राटदाराचा पोरगा ती खांद्याला लावून बाहेर पडतोय. "अरे, तुमची होती होय? मला वाटलं तुम्ही येत नाही आता." पाचशे परत दिले, वर दोन चहा. तू चहा घेतला नाहीस, मी घेतला. त्या चहावरून तू चार महिने बोलला नाहीस माझ्याशी. मी आजही म्हणतो की चहा घेतला म्हणून काही फरक पडला नसता. पण त्या पोराच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा तू सोडलीस तेव्हा कोपऱ्यावर राखण करत मीच उभा होतो, हे तू सोयीस्कर विसरतोस. नंदूला सांगताना तर कायम एकट्यानं केल्यासारखं सांगतोस.

काल, शनिवारी, दुकानात गेलो. म्हटलं, बघून तरी येऊ. खोक्यातून निघाली. पांढऱ्या फोमचा भुगा, आणि तो वास, नव्या वॉर्निशचा आणि किंचित रॉकेलसारखा. पिकगार्डवरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दुकानदारानं नखानं उचलला, मी म्हटलं राहू दे. फिंगरबोर्ड तपकिरी, मध्येच फिकट रेघा. लेबलवर इंडियन लॉरेल. हे इंडियन लॉरेल म्हणजे काय, माहीत आहे? आपला ऐन! आजोळच्या घराचे वासे ज्याचे होते तो, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. पूर्वी शिसवाचे फिंगरबोर्ड असायचे. २०१७मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची कटकट आली, तेव्हा गिटारवाले दुसरी लाकडं शोधू लागले. २०१९ला तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर ऐन दिसतो तो दिसतोच. आजोबांना कळलं असतं की वाशाच्या लाकडावर नातू गिटार वाजवतोय, तर त्यांनी आधी भाव विचारला असता.

ॲम्पला लावली. मोठी ईची तार उतरलेली होती, ती चढवली, आणि आपलं ते चार कॉर्डचं गॅदरिंगवालं वाजवलं. अनामिका अडकली. तरी पक्या, तो आवाज! तारेवर बोट टेकवलं की लगेच "हं, बोल" म्हणतो तसा. आपल्या त्या जुन्या गिव्हसन गिटारीवर आपण बोटांची सालटी काढून जो आवाज शोधत होतो, तो इथं नुसता पडलेला होता, उचलायचा आणि घ्यायचा. मी वीस मिनिटं वाजवलं असेल. दुकानातलं काम करणारं पोरगं कोपऱ्यात उभं राहून बघत होतं. दुकानदार आत फोनवर गेला तसं म्हणालं, "काका, तो पण हेच वाजवतो."

"कोण तो?"

"इचलकरंजीचा. दर एक तारखेला येतो. सुताच्या गोडाऊनला आहे कामाला. हजार भरतो, शोपीस घेऊन दहा मिनिटं वाजवतो, परत स्टँडवर."

काउंटरवर बुक पडलेलं होतं. मी बघायला नको होतं, पण आयुष्यभर लोकांची खाती बघतोय, डोळे आपोआप जातात. जूनपासून दर महिन्याच्या एक तारखेला हजार, अकरा वेळा. कार्बनची निळी अक्षरं, प्रत्येक पावतीखाली त्याची पूर्ण नावाची सही, शाळेत शिकवतात तशी, खाली रेघ ओढून. एकही हप्ता चुकलेला नाही. असं खातं माझ्या अख्ख्या शाखेत नाही.

माझं बुकिंग सप्टेंबरचं. वीस हजार, एकरकमी, कार्डानं.

आता खरं सांगतो. वरचं सगळं सांगून झालं तरी हे राहिलंच होतं, त्यावरून ओळख. त्या दुकानाचं कॅश क्रेडिटचं कर्ज माझ्या शाखेत आहे. ऑगस्टमध्ये रिन्यूअलची फाईल माझ्याच टेबलावर होती. सही मी केली. नियमात होती पक्या, अगदी नियमात, स्टॉक स्टेटमेंटपासून सगळं. ॲडव्हान्स जास्त आहे म्हणून पीस मला देतायत हे दुकानदार बोलला तेव्हा मीही तसंच समजून घेतलं. पण मला "आपले घरचे" कशानं केलं, ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

सुनंदाला सांगितलं नाही. तिला गिटार बावीस हजारांची आहे एवढंच माहीत आहे. त्यात हे कुठं घालू?

रात्रभर वकिली केली स्वतःची. त्याचं वय वीस असेल, त्याला आणखी शंभर गिटारी मिळतील, मला पन्नाशीला दोन वर्षं आहेत आणि बोट आत्ताच अडकतंय. त्याचे अकरा हजार, माझे वीस. त्याला उरलेले तीस भरायला अडीच वर्षं लागली असती, दुकानदार तेवढं थांबला असता का? लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, रेडिओ दुरुस्त करायचा तो. त्यानं १९५८ला जॅझमास्टर काढली ती जॅझवाल्यांसाठी, त्यांनी ती फारशी घेतलीच नाही, पुढं जुन्या बाजारात स्वस्तात मिळते म्हणून कडक्या पोरांनी उचलली. म्हणजे कुठली गिटार कुणाची हे काही आधी लिहिलेलं नसतं, वगैरे वगैरे. पहाटे तीन वाजता हा युक्तिवाद फारच भारी वाटत होता. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की त्यातली कडकी पोरं म्हणजे मी नव्हे.

तुझं एक वाक्य सारखं आठवतंय, ते चार महिन्यांनी बोललास तेव्हाचं. "तो आपली गिटार घेऊन गेला याचं मला काही नाही. त्यानं आपल्याकडं बघितलंच नाही याचा राग आला." मी त्या पोराला अजून बघितलेलं नाही. दुकानातल्या पोरग्याकडून त्याचा नंबर घेतलाय. दुपारी दोनदा फोन काढला. काय बोलणार? "मी बँकेतून बोलतोय" म्हणालो तर बिचारा ओटीपी मागणारा समजून ठेवून देईल.

आणि माझ्या ॲक्टिव्हाची हवा त्यानं सोडली तर कोपऱ्यावर राखण करायला तू येशील, हेही मला माहीत आहे. यायलाच पाहिजेस.

सोमवारी अकरापर्यंत उरलेले पैसे भरायचेत. हे पत्र बडोद्याला पोचेपर्यंत ते होऊन गेलेलं असेल, म्हणून तुझा सल्ला मागत नाही. मागितला असता तर तू काय म्हणाला असतास ते ठाऊक आहे, आणि कुठल्या शब्दांत तेही.

तुझं काय? आईंचा गुडघा झाला का? इकडं करायचा असेल तर सांग, डॉक्टरांची ओळख आहे (बघ, परत तेच). वहिनींची बदली रद्द झाली असं गोट्या म्हणाला, खरं का? चिन्मयीच्या बारावीचं कळव. ती गिटार शिकते म्हणालास, ते ऐकून बरं वाटलं; बापासारखी कॉर्ड बदलताना जीभ बाहेर काढत नसेल तर पुढं जाईल.

एक राहिलं. या गिटारीबरोबर कव्हर येत नाही, स्वस्तातल्या बहुतेकांना देत नाहीत. म्हणून माळ्यावरून आपल्या गिव्हसनचं रेक्झीनचं कव्हर काढलं. हो, गिटार विकली तेव्हा कव्हर मी ठेवून घेतलं होतं. सत्तावीस वर्षं तू ते हरवलं म्हणून मला शिव्या देतोयस आणि मी ऐकून घेतोय. चेन अजून चालते. आतून झुरळांची घाण होती, ती धुतली, आता गॅलरीत उलटं करून वाळत घातलंय. ही त्यात ढिली बसेल, दोन टॉवेल घालावे लागतील. पण एसटीत वरच्या रॅकवर नुसत्या खोक्यात ठेवली तर इचलकरंजीपर्यंत नेकचं काही खरं नाही. आणि माझ्याकडं आली तरी कव्हर लागणारच.

पाऊस येईलसं वाटतंय. कव्हर आत घेतो.

तुझा,
शिऱ्या