उजेड रस्त्यावर पाडा, आभाळात नको

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पेंचमध्ये थंडीच्या दिवसांत आकाशदर्शनाला गर्दी होत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली, बरं वाटलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं काळोखी आभाळ जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला, तो देशात पहिला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतल्या पथदिव्यांची तोंडं खाली केली गेली. बातमीत मात्र एक गोष्ट सुटली. या गावांच्या बाहेर पडलं की सगळा उलटा कारभार आहे.

आमच्याच गावाचं घ्या. चौकात हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे) लागला, त्याचे दिवे तिरपे. उजेड चौकात कमी आणि लोकांच्या माडीवर, तुरीच्या वावरात नि आभाळात जास्त. थंडीत शेकोट्यांचा धूर नि धुकं जमिनीलगत साचतं, त्यावर हा पांढरा झोत पडला की अख्ख्या गावावर झूल घातल्यासारखं दिसतं. त्यात पांढऱ्या-निळसर दिव्याचा उजेड हवेत पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतो.

बिबट्याची भीती आहे, उजेड पाहिजेच, असं लोक म्हणतात. कबूल. दिवे काढा असं कोण म्हणतं? पण नाल्याकडून येणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट झोत आला की खांबाच्या पलीकडे बैल बसलाय की बिबट्या, काही कळत नाही. दिव्याला वरून टोपण असलं तर तोच उजेड पायाखाली पडेल आणि कमी वॅटचा दिवाही पुरेल. ग्रामपंचायतींना पथदिव्यांचं बिल भरताना नाकी नऊ येतात, निदान तेवढ्यासाठी तरी हे पाहावं.

रामटेकच्या गडावर अगस्ती मुनींचा आश्रम होता असं आपण मानतो. त्यांच्या नावाचा तारा डिसेंबरच्या अखेरीस मध्यरात्री बरोबर दक्षिणेला येतो. रात्रीच्या आभाळात व्याध हा सगळ्यात तेजस्वी तारा, त्याच्याखालोखाल हाच, पण आपल्याकडून क्षितिजाच्या वर जेमतेम सोळा अंश. नेमकं त्याच अंगाला नागपूर-कामठीचा उजेड पसरलेला असतो. मागच्या हिवाळ्यात गावातली पोरं घेऊन धुऱ्यावर गेलो होतो. मोबाइलच्या टॉर्चला पतंगाचा लाल कागद लावला होता, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की ती मेहनत पाण्यात. एका पोरीनं विचारलं, मृग तर जूनमध्ये लागतो, मग त्याच्या चांदण्या आत्ता कशा? जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे त्या चांदण्या दिवसा डोक्यावरून जातात, दिसत नाहीत. ज्या नक्षत्रावर पेरणी ठरते ते डोळ्यांनी पाहायचं तर मार्गशीर्ष-पौषातच. हे सांगत होतो तेवढ्यात दवानं दुर्बिणीची काच पांढरी झाली, मफलरनं पुसून काम भागलं. अगस्ती मात्र शेवटपर्यंत नीट दाखवता आला नाही.

खरं तर आभाळ सगळ्यात जास्त पाहतो तो रात्रीच्या ओलितावरचा शेतकरी. हौस म्हणून नाही, कृषिपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळते म्हणून. (दिवसा वीज द्या ही मागणी आहेच, ती कोणी सोडलेली नाही.) थंडीत तीकांडं (मृगातल्या एका ओळीतल्या तीन चांदण्या) मावळतीला टेकलं की पहाट झाली, हे जुन्या माणसांना घड्याळाशिवाय कळायचं. त्यांच्या नातवांना ते ओळखता येत नाही, आणि दोष सगळा मोबाइलचा नाही.

म्हणून जिल्हा परिषदेला विनंती. पथदिव्यांच्या पुढच्या निविदेत दोन अटी घाला: वरून झाकलेले दिवे आणि 3000 केल्व्हिनपेक्षा जास्त पांढरे नकोत (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका दिवा पांढरा-निळसर). सुरुवात पेंचच्या बफरमधल्या (जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या) उरलेल्या गावांपासून करा, नंतर मेळघाटचाही विचार व्हावा. रात्री अकरानंतर हायमास्टचे निम्मे दिवे बंद ठेवायला तर निविदाही लागत नाही, टायमर पुरतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
देवलापार परिसर, ता. रामटेक, जि. नागपूर